मीडियम वेव्हवरचा अनोळखी सिग्नल कुठून येतो? शोधण्याची रीत, पायरीपायरीने

दोन केंद्रांच्या मधे घुमणारी शिट्टी, यादीत नसलेल्या फ्रीक्वेन्सीवर लागलेली गाणी, दर सेकंदाला पडणारा टिक, दिवेलागणीला सुरू होऊन पहाटे थांबणारी घरघर. मीडियम वेव्हवर असं काही ऐकू आलं की लूप अँटेना (वायरचे वेढे घातलेली, सिग्नलची दिशा दाखवणारी चौकट) घेऊन बाहेर पडावंसं वाटतं. पण बाहेर पडणं ही शेवटची पायरी आहे. आधी रेडिओची झडती, मग घराची, आणि या दोन्हींतून सिग्नल निर्दोष सुटला तरच दिशा शोधायची. हा क्रम मोडला की दिवस फुकट जातात, कारण रेडिओच्या आत तयार झालेल्या सिग्नलची दिशा भलतीच लागते आणि घरातल्या वायरिंगवरून पसरलेला आवाज लूपला वायरिंगकडेच बोट दाखवतो.

सामान फार लागत नाही. सेलवर चालणारे दोन वेगवेगळ्या बनावटीचे रेडिओ (आत अँटेनाचं काम करणारी फेराइट रॉड असलेले, म्हणजे बहुतेक सगळेच), होकायंत्र, वही, नकाशा. सिग्नलची ताकद आकड्यांत दाखवणारा डिजिटल रेडिओ असेल तर काम निम्मं होतं. एसडीआर, म्हणजे संगणकावर चालणारा सॉफ्टवेअर रेडिओ, असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही.

आधी वही

सिग्नल कानावर पडताच तारीख, वेळ, फ्रीक्वेन्सी, आवाजाचं वर्णन, हवामान आणि रेडिओची जागा लिहा. डिजिटल आकडा नसेल तर जवळची दोन ओळखीची केंद्रं लावून मधलं अंतर अंदाजाने मोजा. मग किमान दोन दिवस सूर्योदय, भर दुपार, सूर्यास्तानंतर तासाभराने आणि मध्यरात्री तीच फ्रीक्वेन्सी तपासा.

वेळेवरूनच पुष्कळ कळतं. दिवसा गायब आणि रात्री हजर असेल तर बहुधा दूरचं केंद्र आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून, येतंय. दिवसा मीडियम वेव्हच्या लहरी आयनोस्फिअरच्या डी थरात शोषल्या जातात. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि शेकडो-हजारो किलोमीटरवरची केंद्रं उतरू लागतात. याउलट फक्त उन्हात चालू असेल आणि ढग आल्यावर बदलत असेल तर जवळपासच्या गच्चीवरच्या सोलर इन्व्हर्टरवर संशय घ्या. दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत एकसारखा असेल तर रस्त्यावरचे एलईडी दिवे. काही मिनिटं चालू, काही मिनिटं बंद असेल तर थर्मोस्टॅटवर चालणारं काहीतरी. लिफ्ट हलताना येत असेल आणि थांबताच जात असेल तर लिफ्टचा मोटर ड्राइव्ह.

वीज जाणं ही या कामातली सगळ्यात स्वस्त चाचणी आहे. वीज गेल्याबरोबर सेलचा रेडिओ लावा. आवाजही गेला असेल तर उगम तुमच्याच फीडरवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या लाइनवर, आहे. गेला नसेल तर तो दूर आहे, किंवा घरातल्या नाहीतर शेजारच्या इन्व्हर्टरवर जिवंत आहे.

रेडिओची झडती

इथे घाई करू नका. गूढ वाटणाऱ्या बोलक्या सिग्नलांचा उलगडा बऱ्याचदा इथेच होतो. भारतात मीडियम वेव्हची केंद्रं ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झमध्ये ९-९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत आणि यातला प्रत्येक आकडा ९ ने नि:शेष भागला जातो. मुंबईचे ५५८, १०४४ आणि ११८८ घ्या: ९ गुणिले ६२, ११६ आणि १३२. या साध्या गुणधर्मावरून खोटा सिग्नल कोणत्या जातीचा आहे ते कागद-पेन्सिलीने काढता येतं.

पहिली जात इमेजची. साधा सुपरहेट रेडिओ आलेला सिग्नल आतल्या ऑसिलेटरच्या लहरीत मिसळून एका ठरावीक फ्रीक्वेन्सीवर आणतो. तिला आयएफ म्हणतात, तो ४५५ किलोहर्ट्झ असतो आणि ऑसिलेटर लावलेल्या फ्रीक्वेन्सीच्या तेवढाच वर चालतो. त्यामुळे रेडिओ जिथे लावलाय त्याच्या वर बरोबर ९१० किलोहर्ट्झवर एखादं ताकदवान केंद्र असेल तर ते तिथे घुसतं. मीडियम वेव्हच्या पट्ट्यातल्या केंद्रांची इमेज म्हणूनच ५३१ ते ६९२ या खालच्या टोकालाच सापडते. नागपूरच्या १५६६ मधून ९१० वजा केले की ६५६ येतात. ९१० ला ९ ने भागल्यावर बाकी १ उरते, त्यामुळे इमेज नेहमी खऱ्या चॅनलपासून १ किलोहर्ट्झ सरकलेली पडते. ६५७ वर खरं केंद्र येत असेल तर त्यावर सुमारे १ किलोहर्ट्झची शिट्टी बसते. स्वस्त सेटचा आयएफ नेमका ४५५ वर नसतो, त्यामुळे सूर थोडा वर-खाली होतो. आणि काही डिजिटल ट्यूनिंगच्या सेटमध्ये आयएफ ४५० असतो. ९०० ला ९ ने पूर्ण भाग जातो, म्हणून तिथे इमेज शिट्टी न वाजवता थेट चॅनलवर बसते आणि हुबेहूब खऱ्या केंद्रासारखी वाटते.

शिट्टी रेडिओच्या आतली की हवेतली हे ओळखण्याची चाचणी सोपी आणि खात्रीची आहे. काटा अगदी थोडा, अर्धा-एक किलोहर्ट्झ हलवा. शिट्टीचा सूर बदलला तर ती रेडिओच्या आत तयार होतेय. इमेजमध्ये एक सिग्नल ऑसिलेटरच्या खाली आणि दुसरा वर असतो. काटा १ किलोहर्ट्झ सरकला की दोघांमधलं अंतर २ किलोहर्ट्झने बदलतं. सूर तसाच राहिला आणि फक्त जोर कमी-जास्त झाला, तर हवेत खरोखर दोन कॅरियर, म्हणजे केंद्रांच्या मूळ वाहक लहरी, आहेत. ९१० आणि १३६५ च्या आसपास जवळजवळ प्रत्येक साध्या सेटवर ऐकू येणारी शिट्टी ही आयएफच्याच दुसऱ्या आणि तिसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे दुप्पट-तिप्पट फ्रीक्वेन्सीची, असते. तिचाही सूर काट्याबरोबर पळतो. तिच्यामागे लागू नका.

दुसरी जात बेरीज-वजाबाकीची. ताकदवान ट्रान्समीटरांच्या जवळ रेडिओचा पहिला टप्पा दबून जातो आणि दोन-तीन केंद्रांच्या फ्रीक्वेन्सींची मिसळ होऊन नवे सिग्नल जन्मतात. मुंबईचेच आकडे मांडून पाहा. ५५८ अधिक १०४४ बरोबर १६०२, म्हणजे नेमकी सोलापूरची फ्रीक्वेन्सी. ११८८ वजा ५५८ बरोबर ६३०. १०४४ ची दुप्पट वजा ११८८ बरोबर ९००. ११८८ अधिक ५५८ वजा १०४४ बरोबर ७०२. ५५८ ची नुसती दुप्पट १११६. सगळे आकडे ९ च्या पाढ्यातले, कारण त्या पाढ्यातल्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी त्याच पाढ्यात राहते. त्यामुळे हे भूत कधी चॅनलच्या मधे पडत नाही, नेमकं चॅनलवर बसतं आणि माणूस फसतो. मालाडच्या मालवणी भागातल्या मनोऱ्यांच्या आसपास भर दुपारी १६०२ वर खणखणीत मराठी ऐकू आलं म्हणून सोलापूर लागलं असं समजू नका.

या भुताची खूण म्हणजे त्यावर दोन्ही केंद्रांचे कार्यक्रम एकाच वेळी, एकमेकांत मिसळून ऐकू येतात. त्यातलं एक केंद्र सभा संपवून बंद झालं की भूतही त्याच क्षणी जातं. बाहेरची अँटेना वापरत असाल तर मधे १० डीबीचा (डेसिबलचा) अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारी जोडणी, घाला: ५० ओहमच्या लाइनसाठी मधे ६८ ओहम आणि दोन्ही बाजूंना जमिनीकडे १००-१०० ओहम, पाव वॉटचे रेझिस्टर पुरतात. खरा सिग्नल १० डीबीने उतरेल. दोन फ्रीक्वेन्सींच्या साध्या बेरजेतून आलेला २० डीबीने, आणि २क वजा ख किंवा क अधिक ख वजा ग अशा मिसळीतून आलेला ३० डीबीने कोसळेल. फेराइटच्या रेडिओला अटेन्युएटर लावता येत नाही. तिथे मनोऱ्यापासून दोन-तीन किलोमीटर दूर जा. मूळ केंद्रं जेमतेम कमी होतील, भूत मात्र नाहीसं होईल.

अटेन्युएटर लावूनही भूत बरोबर १० डीबीनेच उतरलं आणि दुसऱ्या बनावटीच्या रेडिओवरही तितकंच आलं, तर मिसळ रेडिओच्या बाहेर होतेय. गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो: लोखंडी कुंपण, पत्र्याच्या छपराचे हूक, गच्चीवर पडलेला जुना टीव्ही अँटेनाचा दांडा. वारा आला की असा सिग्नल थरथरतो. पाऊस पडून सांधा भिजला की बदलतो. संशयित सांधा कोरड्या लाकडी काठीने दाबून पाहा. सिग्नल तुटला तर गंज घासून नटबोल्ट आवळा. विजेच्या तारा किंवा खांब मात्र काठीनेही शिवायचे नाहीत.

एसडीआर वापरणाऱ्यांनी आणखी एक गणित लक्षात ठेवावं. आरटीएल-एसडीआर व्ही३ मध्ये मीडियम वेव्ह थेट सॅम्पलिंगने येते आणि त्याचं घड्याळ २८.८ मेगाहर्ट्झचं आहे. त्यामुळे २८.८ मधून वजा करून येणारा सिग्नलही त्याच जागी दुमडून पडतो: १ मेगाहर्ट्झवर २७.८ मेगाहर्ट्झचा. पुढे लो-पास फिल्टर लावला की हे थांबतं.

मिसळ आकाशातही होऊ शकते. १९३३ मध्ये नेदरलंड्समध्ये स्वित्झर्लंडच्या बेरोमुन्स्टर केंद्राच्या मागे रेडिओ लक्झेंबर्गचा कार्यक्रम ऐकू आला. लक्झेंबर्गच्या ताकदवान लहरींनी आयनोस्फिअरमध्येच बेरोमुन्स्टरच्या लहरीवर आपला ठसा उमटवला होता. हे दुर्मीळ आहे. बाकी सगळं तपासून झाल्याशिवाय या उत्तराकडे वळू नये.

एका खऱ्या सिग्नलची ओळखही इथेच करून घ्या, कारण तो हमखास बिघाड वाटतो. आकाशवाणीने अनेक मीडियम वेव्ह ट्रान्समीटर डीआरएम या डिजिटल पद्धतीचे केले आहेत. साध्या रेडिओवर डीआरएम म्हणजे धबधब्यासारखा अखंड, सपाट सूं-सूं आवाज. ना बोलणं, ना गुणगुण. नेहमीच्या केंद्राच्या शेजारच्या चॅनलवर हा आवाज असेल, त्याच्या दोन्ही कडा एकदम सुरू होऊन एकदम संपत असतील आणि ते केंद्र बंद झाल्यावर तोही थांबत असेल, तर तो तोच.

घराची झडती

सेलचा रेडिओ खोलीच्या मधोमध, त्रास ऐकू येणाऱ्या रिकाम्या फ्रीक्वेन्सीवर लावून ठेवा. सगळ्यात आधी घरातला इन्व्हर्टर बंद करा. त्याचा पुढचा स्विच बंद करून भिंतीतला प्लगही काढा. हे विसरून मेन स्विच पाडला की अर्धं घर इन्व्हर्टरवर चालूच राहतं, वर इन्व्हर्टर स्वतः आवाज करतो, आणि "मेन बंद करूनही येतोय, म्हणजे बाहेरचा आहे" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. मग मेन पाडा आणि अर्धा मिनिट थांबा, कारण अ‍ॅडॅप्टरमधले कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ लागतो. आवाज गेला तर उगम घरात आहे. आता मेन चालू करून एमसीबी एकेक करून पाडा. दोषी सर्किट सापडलं की त्यावरचं एकेक उपकरण प्लगसकट उपसा. आपल्याकडचे स्विच एकच तार तोडतात, दुसरी जोडलेलीच राहते.

संशयितांची यादी ठरलेली आहे: मोबाइल चार्जर, एलईडी बल्ब आणि पॅनलचे ड्रायव्हर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडॅप्टर, राउटर आणि त्याचा छोटा यूपीएस, आरओ प्युरिफायर, डास मारण्याच्या रॅकेटचा चार्जर. सोसायटीत राहत असाल तर जिन्यातले सेन्सरचे दिवे, सीसीटीव्हीचा पॉवर सप्लाय आणि पाण्याच्या पंपाचा ड्राइव्ह यांचीही भर. रेडिओ हातात घेऊन उपकरणापासून दोन-तीन सेंटिमीटरवर न्या आणि फिरवा. जवळचा चुंबकी प्रभाव अंतराच्या घनाने घटतो, म्हणजे अंतर दुप्पट झालं की १८ डीबीने, त्यामुळे खरा दोषी हाताच्या अंतरावर किंचाळतो आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जवळजवळ गप्प होतो. तिथेही तितकाच येत असेल तर तो वायरमधून येतोय.

अ‍ॅडॅप्टर ओळखायला त्यांचा पाढा मोजा. असा सप्लाय ठरावीक वेगाने चालू-बंद होतो आणि त्या वेगाच्या प्रत्येक पटीवर घरघर सोडतो. समजा ५३६, ६०३, ६७० आणि ७३७ वर घरघरीची शिखरं आली. अंतर ६७, म्हणजे स्विचिंग ६७ किलोहर्ट्झचं. भार बदलला किंवा सप्लाय तापला की सगळी शिखरं एकदम सरकतात. खरं रेडिओ केंद्र कधी असं सरकत नाही. मोबाइल चार्जिंगला लावा-काढा आणि शिखरं हलतात का पाहा.

एखादा सप्लाय फक्त ताकदवान केंद्रावरच १०० हर्ट्झची गुणगुण करतो, रिकाम्या फ्रीक्वेन्सीवर काहीच नाही. हा रेक्टिफायरच्या डायोडचा खेळ असतो: घरातल्या तारा केंद्राची लहर झेलतात आणि डायोड ती सेकंदाला १०० वेळा जोडतो-तोडतो. जुन्या लिनियर सप्लायमध्ये प्रत्येक डायोडला समांतर ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला की थांबतो. कपॅसिटरचं व्होल्टेज रेटिंग डायोडवर येणाऱ्या उलट्या व्होल्टेजपेक्षा चांगलं वरचं घ्या.

दोषी उपकरण बदलणं हाच सगळ्यात चांगला उपाय. बदलता येत नसेल तर फेराइट, पण इथे लोकांचे पैसे वाया जातात. बाजारात मिळणारा चिमटीचा फेराइट वायरवर एकदा बसवून १ मेगाहर्ट्झवर जवळजवळ काहीच फरक पडत नाही; तो कित्येक पट वरच्या फ्रीक्वेन्सीसाठी असतो. मीडियम वेव्हसाठी मिक्स ३१ या प्रकारच्या फेराइटचं मोठं रिंग घ्या, सुमारे ६१ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचं, आणि त्यावर वायरचे १० ते १२ वेढे उपकरणाच्या अगदी जवळ घाला. दोन्ही तारा एकत्रच गुंडाळायच्या.

आवाजावरून अंदाज

घरातून उत्तर मिळालं नाही तर कान लावा. दर सेकंदाच्या आसपास एक टणक टिक म्हणजे शेतातल्या कुंपणाचं झटका मशीन. मशीन नीट असेल तर टिक हलका असतो. तो जोरात येत असेल तर तारेला गवत लागलंय, इन्सुलेटर तडकलाय किंवा गाठ सैल आहे आणि तिथे ठिणगी पडतेय. शेतकऱ्याचाही यात फायदा आहे, कारण त्याच जागी त्याच्या कुंपणाचा झटका गळतो.

खरखरीत, जाड १०० हर्ट्झची भाजल्यासारखी करकर, साऱ्या पट्ट्यावर पसरलेली, ही विजेच्या लाइनवरच्या ठिणगीची. पाऊस पडल्यावर ती गप्प झाली आणि दोन कोरड्या दिवसांनी परत आली तर निदान जवळजवळ पक्कं. सैल धातूच्या दोन भागांमधली फट ओली झाली की ठिणगी थांबते. दमट हवेत उलट वाढत असेल तर उच्चदाबाच्या तारांवरचा कोरोना (तारेभोवतीच्या हवेत होणारी विद्युतगळती) किंवा धूळ-मीठ बसलेला इन्सुलेटर. कोकण किनाऱ्यावर हा दुसरा प्रकार ध्यानात ठेवावा लागतो. मे महिन्यातली अनियमित कडकड मात्र वळवाच्या विजांची असते. तिचा उगम शोधायचा नसतो.

बोलणं किंवा गाणी असतील तर भाषा, तासाचे ठोके आणि बातम्यांची वेळ टिपा. आकाशवाणीच्या अ‍ॅपवर संशयित केंद्र लावून दोन्ही शेजारी ऐका. अ‍ॅपचा आवाज काही सेकंद मागे असतो, त्यामुळे एखादं वाक्य रेडिओवर ऐकून अ‍ॅपवर त्याची वाट पाहा. आकाशवाणीचे बरेच मीडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद झाले आहेत, तेव्हा जुन्या यादीवर विसंबू नका. रात्री देशाबाहेरचीही केंद्रं येतात: ढाक्याचं ६९३, श्रीलंकेतल्या पुट्टलमचं ८८२. समुद्रावरून लहर जमिनीपेक्षा फार कमी झिजते, म्हणून पश्चिम किनाऱ्यावर राजकोटचा १०७१ वरचा १००० किलोवॉटचा ट्रान्समीटर चालू असताना दिवसाही पोचतो.

दिशा

आता लूप. फेराइट रॉड असलेला रेडिओ आडवा धरून फिरवला की एका स्थितीत आवाज एकदम बुडतो. यालाच नल म्हणतात. त्या क्षणी रॉडचं टोक उगमाकडे, किंवा बरोबर उलट दिशेला असतं. दिशा नेहमी नलवरून घ्या, जास्तीत जास्त आवाजावरून कधीच नाही. जास्तीचा भाग इतका पसरट असतो की ४०-५० अंश फिरवूनही कान फसतो. नल मात्र दोन-पाच अंशांत सापडतो. रेडिओचा एजीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारं सर्किट) फरक झाकतो, म्हणून ताकद दाखवणारा आकडा पाहा, किंवा काटा किंचित बाजूला सरकवून सिग्नल अशक्त करून घ्या.

चांगला नल हवा असेल आणि सिग्नल हलका असेल तर चौकोनी लूप बनवा. प्रत्येकी ८६ सेंटिमीटरच्या दोन लाकडी पट्ट्या मधोमध क्रॉस करून बांधा. टोकांवरून वायर घेतली की साधारण ६० सेंटिमीटर बाजूचा चौकोन होतो. चारही टोकांना ७ सेंटिमीटर रुंद पट्टी आडवी ठोकून तिच्यावर ६-६ मिलिमीटरवर खाचा करा आणि प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या साध्या वायरचे ११ वेढे घाला. २८ मीटर वायर पुरते. इंडक्टन्स सुमारे १७० मायक्रोहेन्री येतं. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला ५०० पिकोफॅरडचा हवेचा गँग (फिरवून बदलता येणारा कपॅसिटर) दोन्ही टोकांमधे जोडला की संपूर्ण मीडियम वेव्ह त्यात बसते. ५३१ पर्यंत खाली जात नसेल तर एक वेढा वाढवा, १६०२ गाठत नसेल तर एक कमी करा. रेडिओला वायर जोडायची गरज नाही: त्याची फेराइट रॉड लूपच्या अक्षाला समांतर, काही सेंटिमीटरवर धरा आणि गँग फिरवून आवाज चढेल तिथे थांबा. मग दोघांना एकत्र फिरवा. नलच्या वेळी लूपच्या चौकटीची पाठ किंवा तोंड उगमाकडे असतं, कड नाही. इथे बरेच जण नव्वद अंशांनी चुकतात.

आधी ओळखीच्या केंद्रावर हात बसवा. शिवाजी पार्कच्या मोकळ्या मैदानात दुपारी १०४४ चा नल काढला तर तो जवळजवळ उत्तरेला, किंचित पश्चिमेकडे झुकलेला यायला हवा, कारण मालवणी तिकडे आहे. तसा येत नसेल तर तुमच्या पद्धतीत, जागेत किंवा होकायंत्रात गडबड आहे. होकायंत्र रेडिओच्या स्पीकरपासून हातभर तरी लांब ठेवा. स्पीकरचं चुंबक त्याला सहज फिरवतं. मोबाइलचं होकायंत्रही त्यातून सुटत नाही. महाराष्ट्रात चुंबकी उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक एखाद्या अंशाहून जास्त नाही, तो सोडून दिला तरी चालतो.

मोजमाप सकाळी १० ते दुपारी ४ च्या दरम्यान करा. रात्री आयनोस्फिअरवरून उतरलेली लहर वेगवेगळ्या ध्रुवणात येते, नल पुसट होतो आणि मिनिटामिनिटाला सरकतो. जागा मोकळी निवडा: विजेच्या तारा, लोखंडी कुंपण, रेल्वेचे रूळ यांच्यापासून किमान १०० मीटर लांब. नल कितीही फिरवला तरी उथळच राहत असेल तर जवळची एखादी तार तोच सिग्नल पुन्हा फेकतेय. ५० मीटर सरकून परत पाहा. प्रत्येक जागी तीनदा मोजून मधला आकडा घ्या.

नकाशावर रेषा दोन्ही बाजूंनी वाढवा, कारण उगम पुढे आहे की मागे हे एका मोजमापातून कळत नाही. दुसरी जागा पहिल्या रेषेला काटकोनात, शक्य तितकी लांब निवडा, म्हणजे दोन रेषा ६० ते १२० अंशांत छेदतील आणि पुढे-मागेचा प्रश्नही सुटेल. १० किलोमीटरवर ५ अंशांची चूक म्हणजे जमिनीवर जवळजवळ ९०० मीटर. तिसरी जागा म्हणूनच घ्यायची, आणि पुढच्या फेरीत तिन्ही जागा छेदाच्या जवळ आणायच्या.

उगम शेकडो किलोमीटरवर असेल तर इंटरनेटवरचे किवीएसडीआर रिसीव्हर कामाला येतात. त्यातल्या टीडीओए सोयीत उगमाच्या भोवती पसरलेले चार-पाच रिसीव्हर निवडा. प्रत्येकाकडे जीपीएसचं घड्याळ असतं आणि लहर कोणाकडे किती मायक्रोसेकंद आधी पोचली यावरून नकाशावर जागा निघते. एका मायक्रोसेकंदाला ३०० मीटर. सगळे रिसीव्हर उगमाच्या एकाच बाजूला असतील तर उत्तर लांबट आणि बेभरवशाचं येतं. उगमाच्या जवळचा, दिवसा जमिनीवरून येणारी लहर ऐकणारा एक तरी रिसीव्हर असू द्या.

शेवटचे शंभर मीटर

विजेच्या लाइनवरच्या ठिणगीचा माग काढताना मीडियम वेव्हवर अडून बसू नका. तो आवाज तारेवरून किलोमीटरभर जातो आणि तारेवर दर १५० मीटरच्या आसपास फुगतो-ओसरतो, त्यामुळे भलत्याच खांबाखाली सगळ्यात जोरात येतो. फ्रीक्वेन्सी चढवत न्या. १ मेगाहर्ट्झवर ऐकत त्या भागात पोचा, मग शॉर्ट वेव्हवर ५, १० आणि २० मेगाहर्ट्झच्या रिकाम्या जागा ऐका. फ्रीक्वेन्सी जितकी वर, तितका आवाज उगमाजवळच अडतो. शेवटच्या दोन-तीन खांबांतून निवडायला १०० मेगाहर्ट्झच्या वरची रिकामी फ्रीक्वेन्सी एएम मोडमध्ये ऐकणारा एसडीआर आणि छोटी दिशादर्शी अँटेना वापरा. एफएम रेडिओ इथे उपयोगाचा नाही, तो हाच खरखराट दाबण्यासाठी बनवलेला असतो. ज्या खांबाखाली सगळ्यात वरची फ्रीक्वेन्सी सगळ्यात जोरात, तो खांब.

खांबाला, ताणाला किंवा डीपीला हात लावू नका, हातोडा मारून पाहू नका, जवळ शिडी नेऊ नका. खांबावरचा नंबर लिहा, फोटो काढा, २०-३० सेकंदांचं रेकॉर्डिंग घ्या आणि १९१२ वर किंवा महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात लेखी तक्रार द्या. "रेडिओ खरखरतो" असं लिहिलं तर कागद तसाच पडून राहतो; "अमुक नंबरच्या खांबावर ठिणगी पडतेय, इन्सुलेटर किंवा जंपर सैल असावा" असं लिहा, कारण लाईनमनला तेच दुरुस्त करायचं असतं. शेजाऱ्याच्या घरातला उगम असेल तर हातात रेडिओ घेऊनच जा आणि उपकरण बंद-चालू करून त्यांना ऐकू द्या. विनापरवाना प्रक्षेपण वाटलं तर त्या जागी स्वतः धडकू नका. तिन्ही दिशा, वेळांचा तक्ता आणि रेकॉर्डिंग दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे पाठवा.

दुरुस्ती झाल्याचं कळलं की त्याच जागी, त्याच फ्रीक्वेन्सीवर, सलग दोन दिवस कोरडी हवा असताना ऐका. पावसानंतर लगेच तपासलं तर ठिणगी ओलाव्याने गप्प असते आणि तक्रार वेळेआधीच बंद होते.